आमचे चांद्रयान

परगावी बदली झालेल्या सरकारी माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असे माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला सांगितले होते. ते स्वतः पोस्टाची तिकिटे जमवीत आणि रविवारी दुपारी ती पाण्यात भिजवून पाकिटांवरून सोडवीत बसत. मला तेव्हा त्यांच्या त्या उद्योगाचे हसू येई. आज चेन्नईत नऊ वर्षे काढल्यावर, आणि या नऊ वर्षांत तमिळ भाषेतील भाजीपाल्याच्या नावांपलीकडे फारशी प्रगती न केल्यावर, मला त्यांचा उपदेश पटला आहे. माझा छंद मात्र तिकिटांइतका सोज्वळ नाही. मी, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि पंचाहत्तरीचे माझे वडील असे तिघे मिळून संगणकावर चंद्राकडे यान धाडतो. निदान गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यात, आम्ही ते धाडले.

सरकारी कामाच्या धबडग्यात असले खेळ खेळायला सवड कशी मिळते, असे आपल्यापैकी कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, मी एका केंद्रीय कचेरीत हिशेब तपासण्याचे काम करतो. म्हणजे दुसऱ्यांनी घातलेल्या बेरजा पुन्हा घालतो आणि जुळल्या नाहीत तर तसे समासात लिहितो. दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी माणसाला असे काही तरी हवे असते की, ज्यात बेरीज चुकली तर नुसता शेरा न पडता खरोखर काही तरी कोसळेल.

या खेळाचे नाव ‘ऑर्बिटर’. मार्टिन श्वाइगर नावाच्या एका शास्त्रज्ञाने तो रचून २००० साली लोकांपुढे ठेवला आणि तो फुकट मिळतो. फुकट मिळतो हे कारकुनाच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्यात शत्रू नाहीत, बंदुका नाहीत, गुणांचा तक्ता नाही. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जिथे खरोखर असतात तिथेच असतात. तारीख सांगितली की त्या तारखेचे आकाश पुढे येते. यानाचे वजन, इंधन आणि इंजिनाचा जोर एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहून दिला की तसे यान तयार होते. आमच्या यानाला आम्ही वजन चांद्रयानाचे दिले. परंतु त्याचे रूप घडवणे आम्हांला जमेना, म्हणून पडद्यावर ते शेवटपर्यंत दुसऱ्याच कुठल्याशा यानाचा उसना अंगरखा घालून हिंडले. मुलाला याचे फार वाईट वाटे. बाबा म्हणत, “शाळेच्या नाटकात शिवाजीचा जिरेटोप पुठ्ठ्याचाच असतो.”

बाबांविषयी थोडे सांगितले पाहिजे. तासगावजवळच्या एका हायस्कुलात त्यांनी चौतीस वर्षे गणित शिकवले. २०२२ मध्ये आई गेली आणि मी त्यांना चेन्नईला घेऊन आलो. बेझंट नगरमधील आमचे सरकारी बिऱ्हाड लहान असले तरी समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि मला वाटले होते की, समुद्र पाहून त्यांचे मन रमेल. ते रमले नाही. त्यांना तमिळ येत नाही, आणि शेजारच्या वृद्धांना हिंदी येत नाही, किंवा येत असली तरी ते ती बोलत नाहीत. ज्या माणसाचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत सहज पोचत असे तो माणूस दिवसचे दिवस न बोलता खिडकीत बसू लागला. आम्हां बापलेकांतही बोलण्यासारखे फारसे उरले नव्हते. मी इंजिनिअर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर होऊन कारकून झालो. याबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दाने दुखावले नाही. पण न बोललेल्या गोष्टीही घरात जागा अडवतात.

चंद्र हा मात्र त्यांचा जुना विषय. २१ जुलै १९६९ च्या पहाटे, आपल्याकडे पावणेदोनच्या सुमारास, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, तेव्हा बाबा एकोणीस वर्षांचे होते. सकाळी तालमीसमोरच्या दुकानातील रेडिओभोवती गाव गोळा झाले होते. बातमी ऐकून एक म्हातारा म्हणाला होता की, आता चतुर्थीला उपास सोडायचा कुणाकडे बघून? ही गोष्ट मी लहानपणापासून किमान पन्नास वेळा ऐकली आहे, आणि दर वेळी म्हातारा वेगळा असतो.

त्यानंतर ७ सप्टेंबर २०१९ ची रात्र. चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ उतरायचे होते. मी चेन्नईत, ते दोघे तासगावात, सर्वजण जागे. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात संदेश येणे थांबले आणि मग पडद्यावर नुसती गंभीर माणसे दिसत राहिली. सकाळी मी फोन केला. बाबा म्हणाले, “उत्तर चुकलंय. पण पायऱ्यांचे मार्क दिले पाहिजेत.” त्या वेळी मला हे मास्तरी वाक्य थोडेसे कोरडे वाटले होते. त्या ‘विक्रम’चे अवशेष पुढे सापडले, ते चेन्नईत राहणाऱ्या षण्मुग सुब्रमण्यन या तरुणामुळे. नासाच्या चांद्रकक्षेतील यानाने काढलेली आधीची आणि नंतरची छायाचित्रे त्याने घरी बसून ताडून पाहिली आणि एक ठिपका हेरला. डिसेंबर २०१९ मध्ये नासाने त्याला त्याचे श्रेय दिले. दोन कागद शेजारी ठेवून फरक शोधणे हे माझेही काम असल्यामुळे मला या माणसाबद्दल विशेष आपलेपणा वाटतो.

चांद्रयान-३ च्या वेळी बाबा इथेच होते. १४ जुलै २०२३, शुक्रवार, दुपारी २ वाजून ३५ मिनिटे. श्रीहरिकोटा चेन्नईच्या उत्तरेला शंभर किलोमीटरच्याही आत आहे, त्यामुळे कचेरीतील आम्ही सारे, वरिष्ठांसकट, गच्चीवर गेलो होतो. ढगांच्या फटीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर गेलेली मी पाहिली. घरी बाबांनीही तीच रेघ आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पाहिली. २३ ऑगस्टच्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान उतरले, तेव्हा शेजारचे निवृत्त तमिळ गृहस्थ पेढ्यांऐवजी म्हैसूरपाकाचा डबा घेऊन आले. मोहिमेचे प्रमुख वीरमुथुवेल विळुप्पुरमचे, चांद्रयान-१ चे अण्णादुराई पोळ्ळाचीजवळचे, आणि चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी चंद्रासारखी माती नामक्कल जिल्ह्यातली, हे सर्व त्यांनी इंग्रजीत अभिमानाने सांगितले. बाबांनी ते मान डोलावून ऐकून घेतले आणि मला म्हणाले, “त्यांना सांग, रॉकेटची विकास इंजिने विक्रोळीला तयार होतात.” मी ते भाषांतर करून सांगितले. दोघांनी हात मिळवले. एवढ्या वर्षांत शेजाऱ्याशी झालेले ते त्यांचे पहिले संभाषण.

तरीही पुढे दोन वर्षे तशीच गेली, आणि २०२५ मध्ये बाबांनी जाहीर केले की, आपण गणपतीला तासगावी जाणार आणि तिथेच राहणार. तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला निघतो. तो त्यांना ओढायचा नव्हता, आता ते वयही नाही. पण पाहायचा होता. त्यांनी मुलाकडून २५ ऑगस्टचे एकच तिकीट काढवून घेतले. एकटे कसे राहाल, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “इथं काय दुकटा आहे?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. खेळाची कल्पना मी तेव्हा काढली. जाईपर्यंतचे दिवस तरी बरे जावेत, एवढाच हेतू होता.

आम्ही असे ठरवले की, चांद्रयान-३ चा प्रवास ज्या त्या तारखेलाच करायचा: १४ जुलैला आरंभ, २३ ऑगस्टला उतरणे. बाबांनी लगेच हरकत घेतली की, चंद्राचे काम तारखेने कसले करता, तिथीने करा. २०२३ साली यान उतरले ती श्रावण शुद्ध सप्तमी होती; २०२५ च्या २३ ऑगस्टला तर अमावास्या. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, परंतु मुलाच्या शाळेचे वेळापत्रक आणि माझी हजेरी या गोष्टी तारखेने चालतात, त्यामुळे आकाश खेळातले २०२३ चे आणि संध्याकाळ आमची २०२५ ची अशी तडजोड झाली. रॉकेट उडवण्याचा भागही आम्ही सोडून दिला. पृथ्वीभोवती १७० किलोमीटर जवळचे टोक आणि ३६,५०० किलोमीटर दूरचे टोक अशा लांबट कक्षेत यान आणून ठेवले, कारण खऱ्या रॉकेटनेही त्याला तिथेच सोडले होते, आणि कामे वाटून घेतली. मुलाकडे कळफलक, माझ्याकडे नोंदवही, बाबांकडे गणित.

खेळात गणित करणारी साधने आयतीच आहेत. बटण दाबले की आकडा मिळतो. बाबांनी ती वापरण्यास साफ नकार दिला. ट्रंकेतून लॉगटेबल निघाले. त्याच्या पुठ्ठ्याला आईने कधी काळी साडीच्या काठाची पट्टी चिकटवली होती. पाठकोरे कागद (कचेरीतले नव्हेत, घरचेच) पुढ्यात घेऊन ते बसले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हां दोघांना एक गोष्ट समजावून सांगितली, जी मी वर्तमानपत्रांत अनेकदा वाचूनही मला कळली नव्हती.

अपोलो चार दिवसांत चंद्राजवळ पोचले आणि उतरलेही. आपल्या यानाला चाळीस दिवस का लागले? बाबांनी मांडून दाखवले की, पृथ्वीच्या जवळच्या टोकाशी यानाचा वेग सेकंदाला सुमारे १०.२८ किलोमीटर असतो. तोच १०.९४ केला की कक्षेचे दुसरे टोक थेट चंद्रापर्यंत पोचते. म्हणजे साडेछत्तीस हजारांपासून पावणेचार लाख किलोमीटरपर्यंतची मजल अवघ्या ६६० मीटरांच्या वाढीव वेगात मिळते. पण यान ३,९०० किलोचे, आणि त्याच्या इंजिनाचा जोर ४४० न्यूटन, म्हणजे पंचेचाळीस किलोचे पोर उचलण्याइतका. एवढ्या जोरावर ६६० मीटरांचा वेग मिळवायचा तर इंजिन सुमारे दीड तास चालवावे लागेल, आणि दीड तासात यान जवळच्या टोकापासून कितीतरी दूर निघून जाईल, जिथे ढकलण्याचा उपयोग कमी. झोपाळा खाली आला असतानाच धक्का द्यायचा असतो. म्हणून दर फेरीला जवळ आल्यावर थोडा धक्का, पुन्हा थोडा धक्का. अमेरिकेचे सॅटर्न रॉकेट एकशे दहा मीटर उंच होते, आपले साडेत्रेचाळीस. “श्रीमंताचं पोर एका दमात जिना चढतं,” बाबा म्हणाले, “आपण प्रत्येक मजल्यावर थांबायचं.” मुलगा म्हणाला, “आजोबा, तुम्ही आमच्या शाळेत का नाही शिकवत?” या वाक्यानंतर बाबांनी चहा मागितला. चहा मागणे हे त्यांनी कित्येक महिन्यांत केले नव्हते, सौ. देई तेव्हा ते घेत.

मग १५ जुलैचा धक्का झाला, १७ चा झाला, १८, २० आणि २५ चा झाला. दूरचे टोक ४१,७६२ किलोमीटर, मग ५१,४००, मग ७१,३५१, मग १,२७,६०३ असे चढत गेले. १७ जुलैच्या खऱ्या आकड्यांत दूरचे टोक वाढण्याऐवजी ४१,६०३ वर आलेले पाहून मी माझ्या सवयीने तिथे छपाईची चूक असल्याचा शेरा मारला होता. बाबांनी दाखवले की, त्या दिवशी जवळचे टोक १७३ वरून २२६ वर उचलले होते. मी शेरा मागे घेतला. कचेरीत शेरा मागे घेण्याचा प्रसंग माझ्यावर सहसा येत नाही.

१ ऑगस्टला चंद्राकडे निघायचे होते, आणि यात आम्ही दोनदा चुकलो. चंद्र सेकंदाला एक किलोमीटर वेगाने चालतो; पावणेपाच दिवसांच्या प्रवासात तो चार लाख किलोमीटरहून अधिक पुढे जातो. आम्ही पोचलो तेव्हा तो तिथे नव्हता. बाबांनी हसून कागद उलटला आणि पुन्हा मांडणी केली. तिसऱ्या वेळी, ५ ऑगस्टच्या संध्याकाळी, काळा पडदा हळूहळू करड्या खड्ड्यांनी भरत गेला, मुलाने यान उलटे फिरवून वेग कमी केला आणि चंद्राने आम्हांला धरले. शेजारच्या तमिळ गृहस्थांनाही हे पाहायला बोलावले होते. ते आता रोज संध्याकाळी येत, बाबांशेजारी बसत, आणि आकडे दोघांना समान भाषेत कळत.

या चाळीस दिवसांत मी काही गोष्टी पाहिल्या होत्या आणि त्यांची नोंद केली नव्हती. बाबा २३-सी ऐवजी २९-सी बसमध्ये बसले आणि तीन तासांनी घरी आले. एकदा दुधाचे भांडे गॅसवर कोळसा होईपर्यंत राहिले. तासगावच्या शेजाऱ्याचे नाव त्यांनी एकाच संध्याकाळी मला तीनदा विचारले. वय झाले, असे मी म्हणालो, सौ. नुसती माझ्याकडे बघत राहिली. हिशेब तपासणारा माणूस स्वतःच्या घरचे हिशेब तपासत नाही, हे आमच्या खात्यातील जुने व्यंग आहे.

२० ऑगस्टला यानाची कक्षा खाली आणायची होती. खऱ्या मोहिमेत हे दोन पायऱ्यांत झाले. आम्ही सोयीसाठी १५० किलोमीटर उंचीच्या वर्तुळातून एकदम २५ किलोमीटरपर्यंत खाली झुकणारी कक्षा धरली. वेग किती कमी करायचा, याचा आकडा बाबांनी काढला: सेकंदाला ३९ मीटर. मुलाने तेवढा कमी केला. काळ भरभर पुढे ढकलला. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, पाऊण तासाच्या हिशेबाला, यान जमिनीवर आदळले. आमच्या साध्या यानाला फुटणे ठाऊक नव्हते. ते वेडेवाकडे उसळून पडद्याबाहेर गेले. मुलगा हसला. बाबा हसले नाहीत. “यंत्रात काही तरी बिघाड असेल,” एवढेच म्हणून ते उठले.

रात्री सगळे झोपल्यावर मी तो कागद घेतला. मांडणी निर्दोष होती. वर्गमुळे बरोबर होती, लॉगटेबलातून काढलेले आकडे बरोबर होते. चूक अगदी वर होती. चंद्राची त्रिज्या त्यांनी १३७७ किलोमीटर लिहिली होती. ती १७३७ आहे. दोहोंतील फरक ३६० आणि त्याला नऊने भाग जातो. आमच्या धंद्यात हा पहिला धडा असतो: तफावतीला नऊने भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली आहे असे समजावे. मी खरे उत्तर काढले. ते २८ येत होते. अकरा मीटरांचा फरक, म्हणजे आमच्या रस्त्यावरील बसचा वेग. तेवढ्याने यान जमिनीच्या वर पंचवीस किलोमीटर राहण्याऐवजी जमिनीच्या खाली वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता धरून चालले होते.

एकदा अदलाबदल कुणाचीही होते. परंतु मी आधीचे कागद काढले. ५ ऑगस्टच्या कागदावर १७३७ होते. ९ तारखेच्या कागदावर १७३७ लिहून खोडले होते आणि पुन्हा १७३७ लिहिले होते. १४ च्या कागदावर वर १३७७, खाली १७३७, आणि सुदैवाने गणित खालच्या आकड्यावर केले होते. २० च्या कागदावर चार ठिकाणी १३७७ होते, स्वच्छ, ठाम अक्षरात. हाच आकडा मला त्यांनी मी सहावीत असताना पाठ करून घेतला होता.

चांद्रयान-२ का पडले, याचा खुलासा इस्रोचे त्या वेळचे अध्यक्ष सोमनाथ यांनी २०२३ मध्ये केला होता. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा अधिक जोर दिला. त्या टप्प्यात यानाला छायाचित्रे घेण्यासाठी स्थिर राहायचे होते, म्हणून चुका तिथल्या तिथे न दुरुस्त होता साचत गेल्या. शेवटी दुरुस्तीची वेळ आली तेव्हा यानाला फार वेगाने वळावे लागले आणि त्याच्या वळण्याच्या गतीला मर्यादा घातलेली होती. उतरण्याची जागाही फक्त ५०० मीटर लांब-रुंद. पुढच्या वेळी ती जागा चार किलोमीटर लांब आणि सुमारे अडीच किलोमीटर रुंद केली, पाय बळकट केले, इंधन वाढवले. काय काय बिघडू शकते याची यादी करून मग यान बांधले. हे सर्व मला त्या रात्री आठवत राहिले. आमच्या घरात गेले सहा महिने कुणीच वळत नव्हते.

आणि तरीही मी जे केले ते असे. मी तशाच निळ्या शाईच्या पेनाने त्या कागदावरील चारही ठिकाणी ३ चे ७ आणि मधल्या ७ चे ३ केले, पुढचे आकडे गिरवले, आणि खाली ३९ होते तिथे २८ केले. सरकारी कागदावर असे केले असते तर माझी नोकरी गेली असती, आणि ती योग्यच गेली असती.

दुसऱ्या संध्याकाळी मुलाने २८ मीटर वेग कमी केला. यान २५ किलोमीटरपर्यंत खाली झुकून सुखरूप वर आले. शेजारच्या गृहस्थांनी टाळी वाजवली. बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला. मग तो घडी घालून खिशात ठेवला.

जेवण झाल्यावर त्यांनी मला बाल्कनीत बोलावले.

“हा सात माझा नाही,” ते म्हणाले. “मी साताला मधे रेघ मारतो. चौतीस वर्षं फळ्यावर मारली.”

मी गप्प राहिलो.

“मी पोराच्या वहीत चूक खोडून कधी बरोबर उत्तर लिहिलं नाही. चुकीखाली लाल रेघ मारायची. बरोबर काय ते त्यानं शोधायचं. तू लिहून टाकलंस. म्हणजे हा आता शोधू शकत नाही, असं तू ठरवलंस.”

“तसं नाही, बाबा.”

“तसंच आहे.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “आणि कदाचित बरोबरही असेल. मला मार्चपासून ठाऊक आहे. आकडे उलटे फिरतात. बसचे, फोनचे. म्हणूनच तासगाव काढलं. तिथं चुकलो तर मला कुणी पाहणार नाही.”

खालून कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली. मी त्यांना सांगितले की, मी एकटे जाऊ देणार नाही. ते चिडले. त्यांचा आवाज इतका चढला की, सौ. आतून दाराशी आली. मला आनंद झाला, हे इथे कबूल करतो. तो शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज मी तीन वर्षांनी ऐकत होतो. शेवटी असे ठरले की, रथ पाहायला आम्ही दोघे जायचे, मी रजा काढायची, आणि परत आल्यावर डॉक्टरांकडे जायचे, जाण्याआधी नाही. परत कोण कोण येणार, याविषयी त्यांनी त्या रात्री काही कबूल केले नाही. खिशातील कागद मात्र मला दिला आणि म्हणाले, “यावर लाल रेघा मार. माझ्या आकड्यांखाली नव्हे, तुझ्या.”

२३ ऑगस्टला, शनिवारी, आम्ही उतरलो. खऱ्या यानाने हे काम सर्वस्वी आपले आपण केले होते: तीस किलोमीटर उंचीवर सेकंदाला १.६८ किलोमीटर वेग, तिथून साडेअकरा मिनिटांत ७.४ किलोमीटर उंचीवर ३५८ मीटर, आणि मग हळूहळू शून्याकडे. आम्हांला ते हाताने करायचे होते. बाबांनी उंची आणि वेग यांचा तक्ता केला होता. प्रत्येक ओळ त्यांनी लिहिल्यावर मी तपासत होतो आणि चूक असेल तिथे पेन्सिलीने खाली रेघ मारत होतो. अशा पाच रेघा मारल्या. त्यांतील चार त्यांनी स्वतः दुरुस्त केल्या. पाचव्या रेघेवर ते पुष्कळ वेळ थांबले आणि मग नातवाला विचारले. तो बरोबर सांगू शकला.

पहिला प्रयत्न आदळला. दुसऱ्यात मुलाच्या हाताला घाम सुटला होता, बाबा उंची मोठ्याने वाचीत होते, शेजारचे गृहस्थ तमिळमधून कुठल्या तरी देवाचे नाव घेत होते, आणि यान सेकंदाला २.६ मीटर वेगाने टेकले. तीन मीटरपर्यंत चालते. ते ठरलेल्या जागेपासून मात्र एक्केचाळीस किलोमीटर अलीकडे टेकले होते. मुलाने हिरमुसून आजोबांकडे पाहिले. बाबांनी नोंदवही मागून घेतली आणि दहापैकी साडेसात मार्क दिले.

रात्री आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. या किनाऱ्यावर पौर्णिमेचा चंद्र थेट समुद्रातून वर येतो. आपल्याकडे समुद्रात बुडणारा सूर्य पाहिलेल्या माणसाला ते काही काळ उलटे वाटते. त्या दिवशी अमावास्या असल्यामुळे काहीच वर आले नाही. मुलाने सुंडलचा पुडा खात विचारले की, चंद्र केवढा असतो. बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी वाळूकडे पाहत राहिलो.

“त्रिज्या सांगू की व्यास?” त्यांनी विचारले.

“त्रिज्या.”

ते बोटांनी हवेत काही तरी लिहीत होते. एक लाट येऊन गेली, दुसरी आली. सुंडलवाला सुटे पैसे परत द्यायला आला, ते सौ.ने मोजून घेतले.

“सतराशे सदतीस,” बाबा म्हणाले, आणि हवेतल्या शेवटच्या साताला मधे रेघ मारली.

२५ तारखेच्या गाडीने आम्ही निघालो. त्यांचे तिकीट खिडकीजवळचे होते, माझे दुसऱ्या डब्यात, प्रतीक्षायादीतून ऐनवेळी पक्के झालेले. सामानात त्यांनी कपडे थोडे घेतले होते. लॉगटेबल घेतले नव्हते. ते मी घरातून निघताना टेबलावर पाहिले, त्याच्याखाली पाठकोऱ्या कागदांचा नवा गठ्ठा ठेवलेला होता.